रंगांची ओळख आणि शाळेबाहेरील परिसर
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



पहिलीच्या वर्गातील रंगांचा पाठ बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होतो. भिंतीवर तक्ता टांगलेला असतो. त्यावर सहा किंवा आठ चौकोन असतात व प्रत्येक चौकोनाखाली रंगाचे नाव लिहिलेले असते. गुरुजींची पट्टी ज्या चौकोनावर टेकते, त्याचे नाव सारा वर्ग एका सुरात म्हणतो. दोन-चार वेळा उजळणी झाली की पाठ पुरा झाल्याची नोंद टाचणात होते. तक्ता वाईट आहे असे नव्हे. धो धो पावसात चार भिंतींच्या आत अडकलेल्या वर्गास त्याचा उपयोगच होतो. तथापि जून महिन्यात बदलापूर परिसरातील एखाद्या शाळेत हा पाठ चालू असता खिडकीबाहेर जांभळाचे झाड उभे असते आणि त्याकडे पाठ करून सारा वर्ग ‘जांभळा’ हा शब्द घोकत असतो, ही गोष्ट शिक्षकाने विचारात घ्यावी अशी आहे.

बदलापूरची जांभळे मुंबईच्या बाजारात नावाजलेली आहेत. त्या झाडाखाली वर्ग नेऊन एकच घोस पाहावयास सांगितला, तर काय दिसते? कोवळे फळ हिरवे असते. पुढे त्यावर फिकट गुलाबी झाक येते, मग ते लालसर होते आणि पुरते पिकले म्हणजे जवळजवळ काळे दिसते. तक्त्यावरील चौकोनासारखा रंग त्या घोसात बहुधा एकाही फळाच्या सालीवर सापडत नाही. तो सापडतो जिभेवर, सदऱ्यावर आणि झाडाखाली चिरडलेल्या फळांच्या डागांत. ज्या बालकाने हे पाहिले, त्याला ‘जांभळा’ या शब्दाचा अर्थ कळला. शिवाय एकाच फळाचा रंग दिवसागणिक पालटतो, हेही त्याला कळले आणि ते पहिल्याहून मोलाचे आहे. ज्याने केवळ तक्ता पाहिला, त्याच्यापाशी नाव आहे, पण नावामागची वस्तू नाही.

मराठी भाषेची घडणच अशी आहे की तिच्यातील बहुतेक रंगनामे वस्तूंवरून आलेली आहेत. पोपटी, मोरपंखी, पारवा, अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली, शेवाळी, हळदी, शेंदरी, राखी, विटकरी, गव्हाळ, दुधी ही यादी कोणाही शिक्षकास सहज वाढविता येईल. अबोलीचे फूल न पाहिलेल्या मुलीस अबोली रंग शब्दाने समजाविता येत नाही. शेवाळलेल्या पायरीवरून जो एकदा घसरला आहे, त्यास शेवाळी रंग समजावण्याची गरजच उरत नाही. आपल्या पूर्वजांनी तर गावाच्या जमिनीची विभागणीच रंगावरून केली. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण प्रत्येकाच्या तोंडी असते. परंतु तीतील ‘वाण’ म्हणजे रंग, ढवळा म्हणजे पांढरा आणि पवळा म्हणजे पोवळ्यासारखा तांबूस, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. गोठ्यात बैल असलेल्या घरातून आलेल्या मुलास ते विचारावे. तोच गुरुजींना चार रंग अधिक सांगेल.

येथे एक पथ्य पाळावे लागते. उल्हासनगर हे शहर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले आणि १९४९ साली त्यास हे नाव मिळाले. त्या शहरात व त्याच्या कडेच्या गावांत असे मूल भेटते, जे घरी हिरव्यास ‘साओ’ आणि पांढऱ्यास ‘अछो’ म्हणते. डोंगराकडील ठाकर व कातकरी वाड्यांतील मुलांच्या बोलीतही झाडापानांसाठी त्यांचे स्वतःचे शब्द असतात. हे शब्द चुकीचे म्हणून खोडू नयेत. मूल ज्या शब्दाने वस्तूकडे पाहते, तो शब्द प्रथम फळ्यावर यावा. मराठी शब्द त्याच्या शेजारी लिहिता येतो.

वस्तूपासून आरंभ करावा हा विचार काही नवा नाही. त्याचा मोठा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातच झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात. माँटेसोरी पद्धतीत रंगांच्या गुळगुळीत पट्ट्यांची पेटी असते. बालक त्या पट्ट्यांच्या जोड्या लावते, पुढे एकाच रंगाच्या छटा गडदपासून फिक्यापर्यंत ओळीने मांडते. साधन उत्तम खरे, पण खेड्यातील बालवाडीस न परवडणारे. ताराबाई व अनुताई यांनी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले, खडे अशी परिसरातील सामग्री बालकांच्या हाती दिली. जी मुले गुरे राखावयास जात असल्यामुळे शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली व तिला कुरणशाळा म्हणण्यात आले. खेड्यातील शिक्षकाने या इतिहासातून एवढे घ्यावे की पेटी विकत घेण्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पेटीची जागा कशी भरून काढावी ते एका उदाहरणाने पाहू. तिसरीच्या वर्गातील मुलांस मैदानात पाठवून गळून पडलेली दहा-दहा पाने आणावयास सांगावे. फांदीवरील पान तोडू नये, अशी अट घालावी. गोणपाट अंथरून ती पाने फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत ओळीने मांडावयास लावावी. प्रारंभी मुले हिरवी, पिवळी व तपकिरी असे तीन ढीग करतात. मग दोन ढिगांच्या मध्ये कोठे ठेवावे असा प्रश्न पडणारे एखादे पान हाती येते, अर्धे हिरवे आणि शिरांपाशी पिवळे. तेथे मुलांत भांडण सुरू होते. ते भांडण मोडू नये. ‘हे पान इकडचे’ असा निकाल शिक्षकाने दिला, तर पाहणे थांबते. निकाल न दिल्यास मुले पान उजेडात धरतात, उलटे करतात आणि पाठची बाजू निराळ्या रंगाची आहे हे त्यांच्या ध्यानात येते. वीस मिनिटांच्या अशा तासिकेत शिक्षकाने दहा वाक्यांहून अधिक बोलू नये, हे शिक्षकास कठीण वाटेल. पण त्याची सवय होते.

‘हा रंग कोणता?’ या प्रश्नास एकच उत्तर असते आणि ते वर्गातील दोन हुशार मुले देऊन टाकतात. ‘असाच रंग आणखी कोठे दिसतो?’ ‘काल हे असेच होते काय?’ ‘सावलीत नेले तर कसे दिसते?’ या प्रश्नांची उत्तरे शेवटच्या रांगेतील मुलासही देता येतात. खडूच्या किंवा रंगकांड्यांच्या पेटीतील एकही रंग आपल्या पानाशी जुळत नाही, अशी तक्रार घेऊन एखादे मूल आले, तर पाठ चांगला चालला आहे असे समजावे. त्या रंगास त्याने स्वतःच नाव द्यावे. ‘वाळल्या चिंचेचा’, ‘भिजल्या दगडाचा’ ही नावे तक्त्यावरील नावांइतकीच खरी आहेत.

‘झाडाची पाने हिरवी असतात’ हे वाक्य दुसरीचे मूल निःशंकपणे लिहिते. ते वाक्य फाल्गुन-चैत्रात बाहेर नेऊन तपासावे. त्या दिवसांत कुसुंबाच्या झाडास फुटलेली पालवी इतकी तांबडी असते की लांबून ते झाड फुलले आहे असा भास होतो. आंब्याची कोवळी पाने तांबूस व लुळी असतात, पिंपळाची गुलाबी छटेची असतात. कोवळ्या पानात तांबडे द्रव्य आधी दिसते. हरितद्रव्य पुढे भरत जाते, आणि काही दिवसांत तेच पान हिरवे होते. एका पानास सुताचा सैल दोरा बांधून ठेवावा व रोज पाहावे. पालवी तांबडी का असते याविषयी शास्त्रज्ञांची निरनिराळी मते आहेत. कोणी म्हणतात, कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण होते. कोणी म्हणतात, ते खाणाऱ्या किड्यांच्या नजरेस चुकते. दोन्ही मते मुलांस सांगावीत. मोठ्यांसही सर्व उत्तरे ठाऊक नसतात, हे कळल्याने मुलांची जिज्ञासा वाढते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले असता हात तांबडा होतो, हे मात्र मुलांस सांगावे लागत नाही. ती गंमत तीच शिक्षकांस दाखवितात.

याच महिन्यांत पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजविली म्हणजे पिवळे-केशरी पाणी होते व होळीस ते कामी येते. वैशाखात बहावा पिवळा होतो, आणि तामण फुलते, जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. ही यादी पाठ करून घेण्याची नव्हे. शाळेच्या वाटेवर यांपैकी जे एक झाड असेल तेवढे पुरे. एक झाड जून ते एप्रिल पाहणारा वर्ग पन्नास झाडांची नावे घोकणाऱ्या वर्गापेक्षा अधिक शिकतो.

ज्या शाळेजवळ मोठे झाड नाही, तेथे घाणेरीचे झुडूप निश्चित असते. तिच्या एका गुच्छात दोन रंगांची फुले दिसतात, मध्यभागी पिवळी आणि कडेने गुलाबी वा तांबडी. ही दोन जातींची फुले आहेत काय? दोन-तीन दिवस तोच गुच्छ पाहणाऱ्या मुलास उत्तर सापडते. कडेची फुले आधी उमललेली असतात. उमलताना तीही पिवळीच होती आणि वय झाल्यावर रंग पालटला. आता फुलपाखरू गुच्छावर कोठे बसून सोंड घालते हे मोजावे. मध असतो तो बहुधा ताज्या पिवळ्या फुलांत, आणि फुलपाखरास तो रंग ओळखता येतो. झुडूप तेच, पण त्याच्याशी मुलाचे नाते पालटते. रंग ही नुसती शोभा नसून ती एक सूचना आहे, हे त्यास फुलपाखराने शिकविले.

शेतकरी तर अशा सूचनांवर पोट भरतो. अंबरनाथ तालुक्यातील गावांत भात हे मुख्य पीक. आवणीनंतर रोप काही दिवस पिवळट दिसते, मूळ धरल्यावर हिरवे होते, पुढे गडद हिरवे, पोटरीतून कणसे निसवल्यावर पुन्हा फिके आणि दिवाळीच्या सुमारास सोनेरी. आपले वडील बांधावर उभे राहून काय पाहतात, हा प्रश्न मुलाने घरी विचारावा. पानाच्या हिरवेपणावरून पिकाची नत्राची भूक ओळखता येते, या जुन्या अनुभवास शास्त्राने साधन करून दिले आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या पर्णरंग तक्त्यावर चार ते सहा हिरव्या छटांच्या पट्ट्या असतात. उभ्या रोपाचे वरचे पूर्ण उघडलेले पान न तोडता पट्टीशी लावून पाहतात. त्या वेळी अंगाची सावली पानावर घेतात, कारण उन्हात रंग फसवितो. पान ठरलेल्या पट्टीहून फिके असेल तरच युरिया द्यावा, एरवी देऊ नये. जो मुलगा गोणपाटावर पाने फिक्यापासून गडदपर्यंत लावावयास शिकला, त्यास पुढे हा तक्ता समजण्यास अडचण पडणार नाही. खताचा खर्च वाचतो तो असा.

निळ्या रंगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुले आकाश निळे, नदी निळी, डोंगरही निळा रंगवितात. परिसरात खरोखर निळे काय आहे, याचा शोध घ्यावयास सांगितले म्हणजे ती गोंधळतात, कारण निळी वस्तू फार थोडी सापडते. गोकर्णाचे फूल आहे. सह्याद्रीच्या उतारावर कारवी साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा डोंगराचा उतार निळसर जांभळा होतो. पहिलीत आलेल्या मुलास प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी तो बहर बहुधा एकदाच पाहावयास मिळतो, आणि ज्या मुलाच्या घराच्या कुडात कारवीच्या काठ्या आहेत, त्यानेही तिचे फूल पाहिलेले नसते. उल्हास नदीच्या काठी खंड्या पक्षी तारेवर बसलेला दिसतो. त्याच्या पंखांत निळे असे द्रव्यच नसते. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश असा विखुरतो की पंख निळा दिसतो. मोराचे गळून पडलेले पीस शाळेत असेल, तर ते उजेडासमोर आडवे धरून पलीकडे पाहावे. मोरपंखी रंग नाहीसा होऊन पीस तपकिरी दिसते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांतील या रंगांचाही अभ्यास केला होता. १९२१ साली विलायतेहून परत येताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांस प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, हे त्या वेळी मान्य असलेले उत्तर त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाही. पाणी स्वतःच प्रकाश विखुरते, हे त्यांनी दाखविले. त्या वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानदिनी त्यांच्या चित्रास हार घालावयाचा तो घालावा. त्या दिवशी मुलांस नदीवर नेऊन ‘पाणी आज कोणत्या रंगाचे आहे?’ असे विचारले तरी रामन यांचे स्मरण होईल.

परंतु हा प्रश्न अंबरनाथ-उल्हासनगरकडील शिक्षकांनी विचारला, तर त्यास मिळणारे उत्तर सुखाचे नसते. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावणारी वालधुनी नदी शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराच्या शेजारून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. मंदिराचा काळा पाषाण पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होतो, उन्हाळ्यात त्यावर दगडफुलाचे करडे-पांढरे ठिपके उठून दिसतात. हे रंग निसर्गाचे होत. शेजारच्या प्रवाहातील रंग मात्र गेल्या काही दशकांत कापड रंगविण्याच्या व रसायनांच्या सांडपाण्याने आलेले आहेत. कधी गडद निळा, कधी तांबूस, कधी काळा. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नदीत ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवासी आजारी पडले. आणि तरीही त्या नदीजवळच्या शाळेतील मूल चित्रकलेच्या तासाला नदी काढते, ती दोन डोंगरांमधून येणारी, स्वच्छ आकाशी रंगाची!

मुलाचे चित्र खोटे आहे असे म्हणून त्याचा हिरमोड करू नये. दोष डोळ्यांचा नाही. नदीचा रंग कोणता हे त्यास तक्त्याने आधीच सांगून ठेवले आहे आणि ज्याचे उत्तर ठाऊक आहे, ते पाहण्याचे श्रम कोणी घेत नाही. अशा शाळेने पुलावरून, पाण्यास स्पर्श न करता, आठवड्यातून एकदा प्रवाहाचा रंग पाहावा आणि तारीख, वेळ, रंग व पाऊस पडला होता की नाही एवढेच वहीत लिहावे. कोणावर आरोप लिहू नये, निष्कर्षही लिहू नये. ग्रामसभेत ही वही ठेवावी की नाही, हे गावाने ठरवावे. उल्हास नदीच्या वरच्या बाजूस, बदलापूरच्या पुढे ज्यांची शाळा आहे, त्यांनीही तशीच वही ठेवावी आणि वर्षाअखेर दोन शाळांनी वह्यांची अदलाबदल करावी.

शहराकडील शिक्षक म्हणतात, आमच्याकडे ना झाड ना शेत. परंतु पारवा तेथेही आहे, आणि त्याच्या नावाचा रंग प्रत्येक वळचणीस बसलेला आहे. त्याच्या मानेवर हिरवी व जांभळी झाक आलटून पालटून दिसते. ती कोणत्या क्षणी पालटते हे पाहावयास सांगावे. भिंतीच्या भेगेतील पिंपळाचे रोप, पाण्याच्या टाकीखालचे शेवाळ आणि सायंकाळचे पश्चिमेकडील आकाश यांस अनुदान लागत नाही.

घरी करावयाचा एक प्रयोग येथे सुचवावासा वाटतो, कारण त्यास कागदही लागत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी जास्वंदीचे लाल फूल त्याच्या पानांसह अंगणात ठेवावे आणि दिवा न लावता अंधार पडेपर्यंत पाहत राहावे. उजेडात लाल फूल अधिक झगझगीत असते. अंधारू लागले की ते आधी काळे पडते आणि पाने तुलनेने उजळ वाटतात. शेवटी कोणताच रंग उरत नाही, नुसते आकार उरतात. मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशी निराळ्या असतात व त्यांस रंग कळत नाहीत, हे कारण पाचवीच्या मुलांस सांगता येईल. लहानांस ‘रंग कोणत्या क्रमाने गेले?’ एवढेच विचारावे. मोठ्या माणसांपैकीही फार थोड्यांनी हे पाहिलेले असते.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळले पाहिजे. प्रत्येक शाळेत एखादा मुलगा असा असतो, जो हिरव्या पानास तपकिरी रंग देतो, कच्चे आणि पिकलेले टोमॅटो वेगळे करू शकत नाही. गुरुजी त्यास निष्काळजी म्हणतात, वर्ग हसतो आणि तो शेजारच्या मुलाच्या कांडीवरील नाव वाचून रंग भरावयास शिकतो. हा बहुधा रंगांधळेपणा असतो. तो उपजत असतो, मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो, कारण तो बहुतेक आईकडून मुलाकडे येतो. आईची दृष्टी मात्र सामान्य असू शकते. त्यास औषध नाही आणि त्यात अपराधही नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन हा शाळामास्तर होता. एक जिरेनियमचे फूल त्याला दिवसा आकाशासारखे निळे आणि रात्री मेणबत्तीच्या प्रकाशात तांबडे दिसले. इतरांस ते तसे दिसत नाही, हे कळले तेव्हा त्याला स्वतःच्या दृष्टीतील उणीव उमगली, आणि १७९४ साली त्याने तिच्यावर निबंध वाचला. त्यास हसणारे गुरुजी भेटले असते तर तो निबंध कदाचित लिहिला गेला नसता! असा मुलगा ओळखू आल्यास वर्गासमोर त्याची परीक्षा घेऊ नये. पालकांस बाजूला घेऊन नेत्रतपासणी सुचवावी, आणि गोणपाटावरील मांडणीत त्यास फिक्या-गडदाचे काम द्यावे. छटांतील उजळ-काळोखाचा भेद त्यास बहुधा चांगला कळतो. पुढे विजेच्या तारांचे काम किंवा रेल्वेची नोकरी त्याच्या मनात असेल, तर ही गोष्ट पहिलीत कळणे आणि विसाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत कळणे यांत त्याच्या आयुष्याचे अंतर आहे.

काही सावधगिरी सर्वांस ठाऊक असतेच, तरी नोंदविणे बरे. गुंजेच्या लाल-काळ्या बिया सुंदर दिसतात आणि त्या विषारी आहेत. कळलावीचे फूल पिवळ्याकडून तांबड्याकडे जाताना पाहण्याजोगे असते, पण त्या वेलीचा कोणताही भाग तोंडात जाऊ देऊ नये. रुईचा चीक डोळ्यास लागू नये. खाजकुइलीपासून दूर राहावे. सूर्याकडे सरळ पाहू नये. विणीच्या दिवसांत सरड्याचे डोके व गळा लाल होतो, तेव्हा मुले त्यास दगड मारतात. ती तेवढी थांबविली आणि पाहत बसविली तर एक तासिका सार्थकी लागते.

नोंदीसाठी छापील तक्त्यांची गरज नाही. जुन्या पाठकोऱ्या कागदांची एक वही करावी, वर्षाच्या प्रत्येक आठवड्यास एक पान. त्यावर त्या आठवड्यात मुलांनी पाहिलेला एक रंग, तो कोठे दिसला आणि गेल्या आठवड्याहून त्यात काय फरक पडला, एवढे मुलांच्याच शब्दांत लिहावे. ज्यास लिहिता येत नाही, त्याने पान चिकटवावे किंवा फूल कागदावर चोळून डाग उमटवावा. गोकर्णाच्या निळ्या डागावर लिंबाचा थेंब टाकला तर तो गुलाबी-जांभळा होतो. हळदीच्या डागावर साबणाचे पाणी टाकले तर तो लाल होतो, आणि हळदीपासून कुंकू कसे होते हे घरच्या आजीकडून समजते. वही वर्गशिक्षकाच्या कपाटात बंद ठेवू नये. ती पुढील वर्षी त्या वर्गात येणाऱ्या मुलांस द्यावी, म्हणजे गतवर्षी पळस केव्हा फुलला होता हे त्यांस पाहता येईल.

वहीचे पहिले पान जून महिन्याचे. शाळा उघडते तेव्हा पहिला पाऊस होऊन गेलेला असतो आणि ओल्या मातीवर मृगाचा किडा फिरू लागलेला असतो, मखमलीसारखा, तांबडा लाल. गायबगळ्याच्या पांढऱ्या मानेवर त्याच सुमारास केशरी झाक चढलेली असते आणि सुगरणीच्या नराचे डोके पिवळे होते. यांपैकी जे प्रथम दिसेल ते मुलांनी लिहावे. ज्याने पाहिले त्याचे नाव शेजारी लिहावे.